हा ढग जमिनीवरच असतो!

ताईच्या मोबाइलवर काढलेला सहलीचा फोटो घरच्या संगणकावर उघडलेला तुम्ही पाहिला असेल. हे कसे झाले, असे विचारले की उत्तर मिळते, ‘अरे, तो क्लाउडवर आहे!’ ऐकणारा साहजिकच आभाळाकडे पाहतो. पण आभाळात काहीच नसते. तो फोटो जमिनीवरच, एखाद्या मोठ्या इमारतीतील संगणकाच्या तबकडीवर नोंदलेला असतो. ती इमारत कदाचित नवी मुंबईत असेल, कदाचित सिंगापूरला. मग ढग कोठून आला? दूरध्वनीच्या आणि संगणकांच्या जाळ्याचे आराखडे काढताना, ज्या भागाचा तपशील दाखवायचा नाही तेथे अभियंते ढगाचे चित्र काढीत. त्यावरून हे नाव पडले.

आता असे पाहा. पूर्वी घरोघरी जाते असे. पुढे पिठाची गिरणी आली आणि जो तो आपला डबा घेऊन गिरणीत जाऊ लागला. गिरणी आपल्याला विकत घ्यावी लागत नाही. तिचा पट्टा तुटला तर तो गिरणीवाला बदलतो. आपण किलोमागे दळणाचे पैसे दिले की झाले. क्लाउड संगणन म्हणजे हेच. संगणक दुसऱ्याचा, त्याची देखभाल दुसऱ्याची. आपण वापरू तेवढेच भाडे द्यायचे.

ही कल्पना काही आजची नाही बरे! दूरध्वनीप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असे जॉन मॅकार्थी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच बोलून दाखवले होते. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. तेव्हा इतर संस्थांतील संशोधकही छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तेथे जात आणि आपली गणिते सोडवून आणत. डबा घेऊन गिरणीत जाण्यासारखेच नाही का? उणीव होती ती घरबसल्या तेथे पोहोचण्याची. इंटरनेटने ती भरून काढली आणि २००६ मध्ये ॲमेझॉन कंपनीने तासाला १० सेंट दराने संगणक भाड्याने देण्यास सुरुवात केली.

तासाभरासाठी संगणक कसा देतात, हे मोठे गमतीचे आहे. प्रत्येकाला वेगळे यंत्र काढून देत नाहीत. एकाच बलाढ्य संगणकाचे एका खास प्रणालीच्या साहाय्याने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. त्याला आभासी संगणक म्हणतात. चाळीतल्या खोल्यांसारखे हे आहे. फक्त येथे भिंती विटांच्या नसून आज्ञावलीच्या असतात, म्हणून त्या क्षणात उभ्या करता येतात आणि क्षणात पाडता येतात. दहावीच्या निकालाच्या दिवशी लाखो मुले एकाच वेळी निकाल पाहू लागतात. दुसऱ्या आठवड्यात तिकडे कोणी फिरकत नाही. एका दिवसासाठी शेकडो संगणक विकत कोण घेईल? लग्नाला आपण पाचशे ताटे भाड्यानेच आणतो ना!

अंतराचा हिशेबही करून पाहा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईपासून सुमारे ४,००० किलोमीटर. अगदी सरळ तार टाकली तरी जाऊन येण्यास सेकंदाचा पंचविसावा भाग लागणारच. एखाद्या पानासाठी अशा पन्नास खेपा झाल्या तर दोन सेकंद गेले! म्हणून ही केंद्रे वापरणाऱ्यांच्या जवळ बांधतात.

गिरणीची उपमा मात्र एका जागी तुटते. पीठ गिरणीतच ठेवून कोणी घरी येत नाही. क्लाउडमध्ये आपण नेमके तेच करतो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे अशा केंद्राची पाच मजली इमारत जळाली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली होती ते सावरले. ज्यांचे सारे काही त्याच इमारतीत होते त्यांची माहिती कायमची गेली.

याहून जवळचा धोका आपल्याच बोटात आहे. फोटो मोबाइलवरही दिसतो आणि संगणकावरही, म्हणून त्याच्या दोन प्रती आहेत असे आपण समजतो. पुष्कळदा ती एकच प्रत दोन खिडक्यांतून दिसत असते. मोबाइलवर ती पुसली की संगणकावरूनही जाते. बहुतेक सेवा ती काही दिवस कचरापेटीत ठेवतात, एवढीच सवलत.

तुमच्या घरच्या फोटोंची काय स्थिती आहे, हे पाच मिनिटांत कळेल. मोबाइलचे इंटरनेट आणि वाय-फाय दोन्ही बंद करा. आता दोन वर्षांपूर्वीचे फोटो एकेक करून मोठे करून पाहा. जे स्वच्छ उघडतील ते बहुधा तुमच्या हातातील यंत्रात आहेत. जे अंधूकच राहतील किंवा नुसते चक्र फिरवीत बसतील, त्यांची यादी करा. ते दूरच्या इमारतीतच आहेत. आजोबांचे फोटो त्या यादीत निघाले, तर इंटरनेट सुरू करून आधी ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.