अतिक्रियाशील मूत्राशय आणि अर्धशिशी : परस्परसंबंधाचे स्वरूप

प्रस्तावना :

डोकेदुखी आणि वारंवार लघवीला जावे लागणे या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एक तक्रार मस्तकाची, तर दुसरी ओटीपोटाची. पहिलीसाठी रुग्ण मेंदूविकारतज्ज्ञांकडे जातो. दुसरीविषयी संकोचामुळे तो बराच काळ मौन पाळतो व अखेरीस मूत्रविकारतज्ज्ञांकडे जातो. एका डॉक्टरांचे औषध दुसऱ्यांना ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या दोन विकारांमध्ये कोणता संबंध आढळतो, तो कोठपर्यंत सिद्ध झाला आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन्ही विकारांचे स्वरूप :

'इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी' या संस्थेने २००२ मध्ये अतिक्रियाशील मूत्राशयाची व्याख्या प्रमाणित केली. लघवीची अचानक व अनावर घाई होणे हे या विकाराचे प्रमुख लक्षण होय. त्याच्या जोडीला बहुधा दिवसा वारंवार व रात्री उठून लघवीला जावे लागते. काहींना ती रोखता येत नाही. मात्र जंतुसंसर्ग वा अन्य उघड आजार नसेल, तरच हे नाव दिले जाते. चार युरोपीय देश व कॅनडा यांतील पाहणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार सुमारे १२ टक्के प्रौढांमध्ये ही लक्षणे आढळली.

अर्धशिशी म्हणजेच मायग्रेन. उपचार न केल्यास तिचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. ठणकणारी वेदना, मळमळ, प्रकाश व आवाज सहन न होणे ही तिची लक्षणे होत. 'अर्धशिशी' हे नाव रूढ असले तरी वेदना नेहमीच अर्ध्या डोक्यापुरती राहत नाही. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये हा विकार दुप्पट ते तिप्पट आढळतो.

संबंधाचे धागे :

१) पूर्वलक्षणे : झटका येण्यापूर्वी काही तास ते एक-दोन दिवस अनेक रुग्णांना जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते. त्याच काळात काहींना वारंवार लघवीला जावे लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या प्रतिमांकनाच्या एका अभ्यासात या पूर्वलक्षणांच्या अवस्थेत हायपोथॅलॅमस हा भाग सक्रिय झालेला दिसला. शरीरातील पाण्याचे संतुलन, झोप व भूक यांचे नियमन हाच भाग करतो. तथापि झटक्यापुरते लघवीचे प्रमाण वाढणे आणि मूत्राशय अतिक्रियाशील असणे या दोन बाबी भिन्न आहेत. दुसऱ्या प्रकारात लघवी थोडी असूनही घाई मोठी असते आणि हा त्रास झटका नसतानाही चालू राहतो.

२) मेंदूस्तंभातील केंद्रे : मूत्रविसर्जनाचे नियंत्रण करणारे केंद्र मेंदूस्तंभात असल्याचे बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. मूत्राशय भरल्याची वर्दी मेंदूस्तंभाच्या वरच्या भागातील करड्या द्रव्याकडे पोहोचते. हेच करडे द्रव्य वेदनेच्या नियमनातही सहभागी असते. अर्धशिशीच्या झटक्यात मेंदूस्तंभाची क्रियाशीलता वाढते, हे १९९५ मध्ये प्रतिमांकनाने दिसून आले.

३) समान रासायनिक द्रव्य : सीजीआरपी हे प्रथिनसदृश द्रव्य चेहरा व मस्तक यांच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूत असते, तसेच मूत्राशयाच्या संवेदी तंतूंतही असते. झटक्याच्या वेळी रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, असे १९९० मध्ये आढळले. त्याला रोखणारी प्रतिपिंडे २०१८ पासून अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी वापरात आली. या औषधांनी मूत्राशयाचा विकारही बरा होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

४) समान औषध : बोटुलिनम विषापासून तयार केलेल्या एकाच औषधास अमेरिकेत २०१० मध्ये दीर्घकालीन अर्धशिशीसाठी आणि २०१३ मध्ये अतिक्रियाशील मूत्राशयासाठी मान्यता मिळाली. एकात ते डोके व मानेच्या स्नायूंत टोचतात, तर दुसऱ्यात मूत्राशयाच्या भिंतीत.

संबंध म्हणजे कारण नव्हे :

अर्धशिशीच्या रुग्णांमध्ये मूत्राशयाच्या तक्रारी अधिक आढळतात, असे काही अभ्यासांत दिसून आले आहे. तथापि एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून कोणती तक्रार आधीची हे ठरत नाही. चिंता, अपुरी झोप व चहा-कॉफीचे अतिसेवन हे घटक दोन्ही विकारांना पोषक ठरू शकतात. म्हणून एक विकार दुसऱ्यास जन्म देतो, असे म्हणणे आज धाडसाचे ठरेल.

उपचारातील गुंतागुंत :

कारण निश्चित नसले तरी उपचाराच्या पातळीवर हे दोन विकार एकमेकांत गुंततात. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी अमिट्रिप्टिलीन देतात. मूत्राशयासाठी टोल्टेरोडीन किंवा सोलिफेनासिन देतात. ही औषधे एकत्र आल्यास तोंडाला कोरड पडणे, बद्धकोष्ठता, लघवी अडणे आणि वृद्धांमध्ये विस्मरण व गोंधळ हे दुष्परिणाम वाढतात. मिराबेग्रॉनने काहींना डोकेदुखी होते व रक्तदाब वाढू शकतो. टोपिरामेट घेणाऱ्याने मूतखडा टाळण्यासाठी भरपूर पाणी प्यावे लागते. पण लघवीच्या घाईने त्रस्त रुग्ण नेमके पाणीच तोडतो. पाणी कमी पडल्याने पुन्हा डोके दुखते, आणि त्यावर घेतलेला कडक चहा लघवीची घाई वाढवतो.

सलग तासिका घेणाऱ्या प्राध्यापिकेला ही कोंडी समजावून सांगण्याची गरज नाही. स्वच्छ स्वच्छतागृह जवळ नसेल, तर दिवसभर पाणी न पिणे हाच मार्ग तिला उरतो. विद्यार्थिनींचीही तीच स्थिती असते. त्यामुळे महाविद्यालयातील स्वच्छतागृहाचा प्रश्न सोयीपुरता न राहता आरोग्याचा ठरतो.

समारोप :

अतिक्रियाशील मूत्राशय व अर्धशिशी यांचे मज्जामार्ग आणि रसायने काही अंशी समान आहेत, परंतु त्यांच्यातील कार्यकारणभाव अद्याप सिद्ध झालेला नाही. तोपर्यंत दोन गोष्टी रुग्णाच्या हाती आहेत. पहिली, डोकेदुखीचे दिवस, लघवीच्या वेळा, पाणी व चहा-कॉफी यांची काही आठवडे एकाच वहीत नोंद ठेवणे. दुसरी, दोन्ही तक्रारी व सर्व औषधे प्रत्येक डॉक्टरांना सांगणे. मात्र अचानक उद्भवलेली असह्य डोकेदुखी, हातापायांतील बळ जाणे अथवा लघवीवरील ताबा एकाएकी सुटणे, यांपैकी काहीही घडल्यास नोंदी करीत न बसता त्वरित रुग्णालय गाठावे. लघवीतून रक्त गेल्यास तेही अंगावर न काढता विनाविलंब तपासून घ्यावे. संकोचापोटी न सांगितलेले एक लक्षण दुसऱ्या विकाराचा उपचार चुकवू शकते, हे या विवेचनातून लक्षात यावे.