माल्कमच्या ठेक्यावर पन्नास वर्षं

एसी/डीसी म्हटलं की आठवतो अँगस यंग. अर्धी चड्डी, ब्लेझर, टाय, डोक्यावर टोपी आणि गळ्यात गिब्सन एसजी गिटार. एका पायावर उड्या घेत रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. सत्तरी गाठली तरी शाळेचा गणवेश त्याने सोडलेला नाही. पण या बँडचा मागोवा घ्यायला बसलं की प्रत्येक वळणावर भेटतो तो दुसराच माणूस. ड्रमच्या शेजारी, अँप्लिफायरच्या भिंतीला लागून उभा असलेला, कोरसच्या ओळीपुरता माइकपाशी येऊन पुन्हा आपल्या जागी जाणारा माल्कम. अँगसचा थोरला भाऊ. बँड त्याने काढला, त्यानेच चालवला, आणि तो गेल्यानंतरही बँड त्याच्याच रिफवर उभा आहे. माझ्या लेखी एसी/डीसीचा इतिहास म्हणजे मुख्यतः माल्कम यंगचा इतिहास.

यंग कुटुंब ग्लासगोच्या क्रॅनहिल वस्तीतलं. 1962-63 चा हिवाळा ब्रिटनला फार कडक गेला. कामधंद्याचे हाल होते आणि ऑस्ट्रेलिया स्वस्तात प्रवास देऊन ब्रिटनमधून माणसं बोलावत होता. 1963 मध्ये हे भलंमोठं कुटुंब सिडनीत उतरलं आणि सुरुवातीला व्हिलावुडच्या स्थलांतरितांच्या छावणीत राहिलं. तिथे थोरल्या भावाची, जॉर्जची, हॅरी व्हांडा या डच मुलाशी गाठ पडली. दोघांच्या 'ईझीबीट्स' बँडने 1966 मध्ये 'फ्रायडे ऑन माय माइंड' हे गाणं जगभर गाजवलं, आणि काही वर्षांतच तो बँड कर्ज डोक्यावर घेऊन मोडला. घरातली ही चढउतार धाकट्यांनी जवळून पाहिली. गाणं गाजणं वेगळं आणि बँड टिकणं वेगळं, हे माल्कमला विशीच्या आत कळलं ते त्यामुळे. पुढे त्याने व्यवहारात जो कडकपणा दाखवला, माणसं काढताना आणि घेताना जी कठोरता दाखवली, तिचं मूळ मला इथे दिसतं.

शाळा सोडल्यावर माल्कमने काही काळ एका कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्तीचं काम केलं. 1973 च्या अखेरीला त्याने अँगसला बरोबर घेऊन बँड उभा केला. नाव सुचवलं बहीण मार्गारेटने, आणि गणवेशाची कल्पनाही तिचीच. पहिला मोठा कार्यक्रम झाला 31 डिसेंबर 1973 च्या रात्री सिडनीच्या 'चेकर्स' क्लबमध्ये. पहिला गायक डेव्ह इव्हान्स वर्षभरही टिकला नाही. 1974 मध्ये बॉन स्कॉट आला आणि बँडला तोंड फुटलं.

बॉनही स्कॉटलंडचाच, किरिमूरमध्ये वाढलेला, पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलमध्ये स्थायिक झालेला. अँगसपेक्षा जवळजवळ नऊ वर्षांनी मोठा. काही बँड पाहून झालेला, मोटारसायकलच्या भीषण अपघातातून नुकताच उठलेला. त्याच्या आवाजात कोपऱ्यावर उभं राहून किस्सा सांगणाऱ्याची लकब होती. जॉर्ज आणि व्हांडा आता निर्माते झाले होते. बॉन पाइप बँडमध्ये होता एवढं जॉर्जने ऐकलं होतं, म्हणून 'इट्स अ लाँग वे टू द टॉप' या गाण्यात बॅगपाइप घालायचं ठरलं. प्रत्यक्षात बॉन त्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा! मग त्याने तिथल्या तिथे बॅगपाइप शिकायला घेतली आणि हार्ड रॉकमध्ये ते वाद्य चपखल बसवलं. फेब्रुवारी 1976 मध्ये मेलबर्नच्या स्वानस्टन स्ट्रीटवर उघड्या ट्रकवर उभं राहून हे गाणं चित्रित झालं. ती चित्रफीत आज पाहिली तरी बँडचा सगळा आत्मविश्वास तिच्यात दिसतो.

हे संगीत घडलं ते ऑस्ट्रेलियातल्या दारूच्या गुत्त्यांत. तिथला श्रोता दिवसभर राबून आलेला, हातात बिअर, पाहुणचाराची सवय नसलेला. त्याला पहिल्या काही सेकंदांत पकडलं नाही तर तो पाठ फिरवणार. सत्तरच्या दशकात बाकीचं रॉक लांबलचक, गुंतागुंतीचं होत चाललं होतं, तेव्हा माल्कमने उलटा रस्ता धरला. जे लागत नाही ते काढून टाकायचं.

त्याची गिटार याचा पुरावा आहे. 1963 च्या बनावटीची ग्रेच जेट फायरबर्ड, हॅरी व्हांडाकडून घरात आलेली. माल्कमने तिचा लाल रंग खरवडून काढला. जास्तीचे पिकअप उपटून काढले, त्या जागी नुसत्या खाचा राहिल्या, आणि ब्रिजजवळचा एकच पिकअप ठेवला. तारा नेहमीपेक्षा जाड. अँप मार्शलचा, पण आवाज फाटू न देता स्वच्छ राखलेला. हार्ड रॉक म्हणजे भरपूर डिस्टॉर्शन असं मानणाऱ्याला हे आश्चर्य वाटेल, पण एसी/डीसीची ताकद येते ती या स्वच्छतेतून. कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो आणि उजव्या हाताचा फटका थेट छातीवर येतो. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणारा जे काम करतो, तेच हे काम. तो हलला तर सगळं कोसळतं, आणि तो न हलल्यामुळेच दुसऱ्याला उडता येतं. सोलो वाजवायची क्षमता असून माल्कमने ते सगळे अँगसच्या हवाली केले. असा निर्णय आनंदाने घेणारा बँडप्रमुख मला रॉकच्या इतिहासात क्वचितच दिसतो.

1976 मध्ये अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन' मासिकाने 'हाय व्होल्टेज' अल्बमची सालटी काढली. बँडने शांतपणे गावोगाव वाजवत राहणं पसंत केलं. 'लेट देअर बी रॉक' (1977) आणि 'पॉवरेज' (1978) हे दोन अल्बम माझ्या मते त्यांचं सर्वांत अस्सल काम. मग रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहाने थोरल्या जॉर्जला निर्मितीतून बाजूला व्हावं लागलं. घरात हे सोपं गेलं नसणार. नवा निर्माता मट लँग याने 'हायवे टू हेल' (1979) घासूनपुसून घेतला आणि अमेरिकेचं दार उघडलं.

19 फेब्रुवारी 1980 ला लंडनमध्ये, रात्रभराच्या दारूनंतर, एका मोटारीत बॉन स्कॉट मृत सापडला. वय 33. बँड तिथेच संपला असता. अंत्यसंस्काराच्या वेळी बॉनच्या वडिलांनीच पुढे चालू ठेवा असं सांगितलं, ही आठवण यंग बंधूंनी नंतर सांगितली आहे. इंग्लंडच्या ईशान्येकडचा ब्रायन जॉन्सन गायक म्हणून आला आणि काही आठवड्यांत सगळे बहामातल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत पोहोचले. बाहेर वादळं. आत जो अल्बम झाला तो 'बॅक इन ब्लॅक'. 25 जुलै 1980 ला तो बाजारात आला, बॉनच्या सुतकाचं संपूर्ण काळं मुखपृष्ठ घेऊन.

अल्बमच्या सुरुवातीला जी घंटा ऐकू येते, ती इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर फाउंड्रीत ओतलेली, सुमारे 900 किलो वजनाची. आधी त्याच गावातल्या युद्धस्मारकाच्या मनोऱ्यातली घंटा ध्वनिमुद्रित करायचा प्रयत्न झाला. पण टोला पडला की आतले पक्षी फडफडत उडायचे आणि तो आवाज टेपवर यायचा. अखेर फाउंड्रीतच, बँडसाठी ओतलेल्या घंटेवर काम झालं. शीर्षकगीताचा रिफ तर माल्कमने आधीच्या दौऱ्यातच कॅसेटवर घेऊन ठेवला होता, आणि हे ठीक आहे की फेकून देऊ, असं अँगसला विचारलं होतं, असं अँगस सांगतो. तीन कॉर्ड, आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतच श्रोत्याची मान हलते. जगभरात या अल्बमच्या सुमारे 5 कोटी प्रती खपल्याचा अंदाज आहे. एकट्या अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक.

पुढच्या वर्षीच्या 'फॉर दोज अबाउट टू रॉक' ने अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला, रंगमंचावर तोफा आल्या. त्यानंतरची ऐंशीची बरीच वर्षं ओढगस्तीची. 'फ्लाय ऑन द वॉल' सारखे अल्बम निष्ठावंतांनीच ऐकावेत. ड्रमर फिल रड बाहेर पडला. 1988 मध्ये दारू सोडण्यासाठी माल्कमने दौऱ्यातून रजा घेतली, पुतण्या स्टीव्ही त्याच्या जागी वाजवून गेला, आणि माल्कम परतला तो दारूपासून कायमचा दूर होऊन. 1990 चं 'थंडरस्ट्रक' ही त्या परतीनंतरची कमाई. जानेवारी 1991 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या कार्यक्रमात चेंगराचेंगरीत तीन कोवळी मुलं दगावली. ती नोंद या बँडच्या इतिहासात ठेवलीच पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरात, मॉस्कोतला उठाव फसल्यानंतर पाचेक आठवड्यांनी, तुशिनोच्या विमानतळावर काही लाखांसमोर त्यांनी वाजवलं.

टीका करावी अशाही जागा आहेत. यांच्या गाण्यांत बाई येते ती बहुतेक वेळा द्वयर्थी विनोदापुरती, आणि ब्रायनच्या काळात तर बॉनची चतुराईही तिथे कमी पडते. नव्या पिढीच्या श्रोत्यांना हे खटकतं, आणि ते रास्त आहे. पण एकच अल्बम पुन्हापुन्हा केला हा आरोप मात्र मला मान्य नाही. त्यांनी एकच गोष्ट धरली आणि ती बाजारभावावर सोडली नाही. 'ग्रेटेस्ट हिट्स' चा अल्बम त्यांनी कधी काढला नाही. सुटी गाणी विकायची नाहीत म्हणून 2012 पर्यंत आयट्यून्सपासून लांब राहिले. आपल्याकडच्या तरुणांना हा बँड 'आयर्न मॅन' चित्रपटांतून भेटला, आणि त्यातलं 1980 चं गाणं कुणालाच जुनं वाटलं नाही.

2008 ते 2010 च्या 'ब्लॅक आइस' दौऱ्यात माल्कमची स्मृती ढासळू लागली होती. स्वतः रचलेले रिफ त्याला पुन्हा बसून शिकावे लागत. तरी त्याने दौरा पुरा केला. 2014 मध्ये डिमेन्शियामुळे तो निवृत्त झाल्याचं जाहीर झालं. पुढची दोन वर्षं बँडवर सगळंच कोसळलं: मधल्या काळात बँडमध्ये परतलेला रड न्यूझीलंडमध्ये कोर्टकचेरीत अडकला, ऐकू येणं बंद होण्याच्या भीतीने 2016 मध्ये ब्रायन थांबला, उरलेला दौरा ॲक्सल रोझने गाऊन पुरा केला. ऑक्टोबर 2017 मध्ये जॉर्ज गेला आणि 18 नोव्हेंबर 2017 ला, वयाच्या 64 व्या वर्षी, माल्कम.

नोव्हेंबर 2020 मध्ये 'पॉवर अप' आला. त्यातली सगळी गाणी अँगस आणि माल्कम या दोघांच्या नावावर आहेत, कारण ती भावांनी मिळून साठवलेल्या जुन्या रिफमधून बांधलेली आहेत. ब्रायन नवं श्रवणयंत्र लावून परतला. 2024 मध्ये बँड पुन्हा दौऱ्यावर निघाला, तेव्हाही माल्कमच्या जागी पुतण्या स्टीव्हीच उभा होता.

ज्यांनी हा बँड अजून ऐकलेला नाही, त्यांनी 'बॅक इन ब्लॅक' नंतर ऐकावा. आधी 'पॉवरेज' घ्यावा, हेडफोन लावून. एका कानात अँगस, दुसऱ्या कानात माल्कम. सोलो सुरू झाला की जी गिटार जागची हलत नाही, तिच्याकडे लक्ष द्या.