नाव ठळक, माहिती बारीक

बीअरच्या कॅनवर ब्रँडचं नाव लांबूनही वाचता येतं. माप, अल्कोहोलचं प्रमाण आणि बनवल्याचं ठिकाण मात्र शोधावं लागतं. गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : कॅन सगळीकडे सारखाच असतो.

वस्तुस्थिती : अमेरिकेत नेहमीचा कॅन ३५५ मिलिलिटरचा, जपानमध्ये ३५०चा, ऑस्ट्रेलियात ३७५चा. ब्रिटनमध्ये ४४०चा कॅन सर्रास दिसतो. युरोपातल्या बऱ्याच देशांत आणि भारतात ३३० व ५०० मिलिलिटरचे कॅन मिळतात. त्यामुळे भावाची तुलना करायची तर ती लिटरमागे करावी.

गैरसमज : ३५५, ४७३ असे अडनिडे आकडे म्हणजे मापात पाप.

वस्तुस्थिती : हे आकडे जुन्या मापांतून आले आहेत. अमेरिकी १२ औंस म्हणजे ३५५ मिलिलिटर, अमेरिकी पिंट म्हणजे ४७३. ब्रिटिश पिंट भरतो ५६८. कॅनडात तर बाटली ३४१ मिलिलिटरची आणि कॅन ३५५चा. दोन्ही १२ औंसच; बाटलीचे औंस ब्रिटिश, कॅनचे अमेरिकी.

गैरसमज : परदेशी नावाची बीअर परदेशातूनच येते.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियाच्या नावावर जगभर खपवलेली फॉस्टर्स ब्रिटनमध्ये मँचेस्टरला बनते, आपल्याकडे ती औरंगाबादच्या कारखान्यातही बनत असे. ब्रिटनमधल्या भारतीय रेस्टॉरंटांसाठी करण बिलिमोरिया यांनी आणलेली कोब्रा सुरुवातीला बंगळुरूहून जाई. पुढे ती ब्रिटनमध्येच बनू लागली.

बेक्स या जर्मन ब्रँडचं प्रकरण तर अमेरिकेत कोर्टात गेलं. बीअर बनत होती सेंट लुइसला आणि विकली जात होती जर्मन परंपरेच्या नावावर. ती अमेरिकेत बनल्याचं लेबलवर छापलेलं आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. पण ती अक्षरं होती चकचकीत चंदेरी पट्टीवर पांढऱ्या शाईत! २०१५ मध्ये तडजोड झाली. ग्राहकांना पैसे परत द्यायचं आणि उत्पादनाचा देश ठळक छापायचं कंपनीने कबूल केलं. ग्राहकांनी चिकाटी धरली म्हणूनच हे घडलं.

गैरसमज : बाहेर महाग विकली जाते, म्हणजे मायदेशीही ती उंची बीअर असणार.

वस्तुस्थिती : स्टेला आर्टोआ बेल्जियममध्ये रोजच्या पिण्यातली साधी बीअर. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकापासून तिच्या जाहिरातींनी महागपणाच तिचा गुण म्हणून मिरवला. फॉस्टर्सचंही तसंच, खुद्द ऑस्ट्रेलियात तिला फारसं कुणी विचारत नाही.

गैरसमज : एक कॅन म्हणजे एकच माप, कुठलाही घेतला तरी परिणाम तोच.

वस्तुस्थिती : ५ टक्के अल्कोहोलच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये शुद्ध अल्कोहोल साडेसोळा मिलिलिटर असतं. ८ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटरच्या स्ट्राँग बीअरमध्ये ते ४० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ अडीचपट. ‘एकच तर घेतला’ म्हणणाऱ्याने आधी हा गुणाकार करावा. शरीर कॅन मोजत नाही, अल्कोहोल मोजतं.