चिप आली रे आली... पण कुठे?

दर जानेवारीत लास व्हेगासच्या शोमध्ये लॅपटॉपच्या नव्या प्रोसेसर्सची आतषबाजी होते. भलेमोठे ग्राफ, ‘दुप्पट फास्ट’, ‘दिवसभर बॅटरी’... सॉलिड! आता भंडाऱ्यातल्या दुकानात जाऊन तीच चिप मागून बघा. ‘दादा, ते मॉडेल नाही आलं. बर्डीवर पाहा, नाही तर ऑनलाइन मागवा.’ बर्डी म्हणजे नागपूर, साठेक किलोमीटर. आणि तिथेही असेलच याची गॅरंटी नाही.

याला म्हणतात पेपर लाँच. माल कागदावर, गिऱ्हाईक वाटेवर!

यातला बाप किस्सा इंटेलचा. १० नॅनोमीटरची चिप २०१६ च्या आसपास यायची होती. आली मे २०१८ मध्ये, तीही लेनोवोच्या एका साध्या लॅपटॉपमध्ये. कोअर आय३-८१२१यू. दोनच कोअर आणि आतलं ग्राफिक्स चक्क बंद! ग्राफिक्ससाठी स्पर्धक एएमडीची चिप जोडावी लागली. पुढे टंचाई अशी झाली, की नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ग्राहकांची जाहीर माफी मागितली.

क्वालकॉमने स्नॅपड्रॅगन एक्स एलीटचा गाजावाजा ऑक्टोबर २०२३ मध्ये केला. लॅपटॉप विक्रीला आले १८ जून २०२४ ला. आठ महिन्यांत ग्राफ जुने होतात, बॉस! उलट अ‍ॅपलने एम१ जाहीर केली १० नोव्हेंबर २०२० ला आणि अमेरिकेत आठवड्याभरात मशीन हातात. चिपही त्यांची, लॅपटॉपही त्यांचा. बाकीच्यांचं तसं नसतं. चिप बनवणारा एक, लॅपटॉप बनवणारा दुसरा, आणि मधे डिस्ट्रिब्युटर. त्या रांगेत तालुक्याचं दुकान शेवटचं.

(जाता जाता: इंटेलच्या पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे. पुढे त्यांनीच एएमडीच्या के६ वर काम केलं. कुस्ती इंटेल-एएमडीची, पैलवान मात्र आपलाच!)

खरा घोळ पुढेच आहे. जे दुकानात मिळतं, ते ‘नवं’ असतंच असं नाही. रायझन ५ ७५२०यू ऐकायला २०२३ चा वाटतो. आत २०१९ चं झेन २ डिझाइन. ७५४०यू मात्र झेन ४. फरक एकाच आकड्याचा! इंटेलचंही तेच. २०२४ चा ‘कोअर ५ १२०यू’ जुन्या रॅप्टर लेक घराण्यातला, ‘कोअर अल्ट्रा ५ १२५यू’ नव्या मीटिअर लेकचा.

आणि रॅम? इंटेलचं आयरिस एक्सई ग्राफिक्स बऱ्याच मॉडेल्समध्ये रॅमच्या दोन कांड्या असतील तरच त्या नावाने चालतं. एकच कांडी असेल तर विंडोज त्याला साधं ‘यूएचडी’ म्हणतं, आणि गेम अडखळतो. स्टेजवरच्या ग्राफमध्ये हे कोणी सांगत नाही. पातळ बॉडीत तीच चिप कमी वॅटवर चालते आणि स्लो पडते, हेही नाही.

भंडारा पितळी भांड्यांचं गाव. इथे गुंड घेताना आधी वजन करून बघतात. लॅपटॉपचंही तसंच करा. बारा महिन्यांचा ईएमआय सही करण्याआधी दुकानातच मशीन चालू करायला लावा, टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅमचे स्लॉट वाचा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आणि एक्सेल, ब्राउझर, व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल, तर मागच्या वर्षीची चिप, १६ जीबी रॅम आणि गावातच सर्व्हिस हे पॅकेज नव्या नावापेक्षा केव्हाही भारी. थांबायचंच असेल, तर दुकानात बॉक्स दिसेपर्यंत थांबा, घोषणा ऐकून नाही.