राजकोषीय उत्तरदायित्व अधिनियम, भारतातील

शासनाच्या अर्थसंकल्पीय तुटीस व कर्जास मर्यादा घालणारे विधिनियम. कर्जाव्यतिरिक्त होणाऱ्या जमेपेक्षा शासनाचा एकूण खर्च जितका अधिक, तितकी राजकोषीय तूट होय. महसुली खर्च महसुली जमेहून अधिक झाल्यास त्या फरकास महसुली तूट म्हणतात. महसुली तूट भरून काढण्यासाठी घेतलेल्या कर्जातून धरणे, रस्ते यांसारखी मत्ता निर्माण होत नाही, व्याजाचा भार मात्र पुढील पिढीवर पडतो; म्हणून ती अधिक चिंताजनक मानली जाते.

संविधानाच्या २९२ व्या अनुच्छेदान्वये केंद्राच्या कर्जावर संसद मर्यादा घालू शकते. परंतु अनेक दशके तसा कायदा झाला नाही. तदर्थ राजकोष-हुंड्यांच्या द्वारे रिझर्व्ह बँक केंद्राची रोखीची उणीव आपोआप भरून काढीत असे. चलनवाढीस पोषक ठरणारी ही प्रथा १९९१ च्या आर्थिक पेचप्रसंगानंतर, १९९४ मधील करारानुसार, १९९७ साली बंद झाली.

केंद्राचा २००३ चा अधिनियम ५ जुलै २००४ रोजी अंमलात आला. मार्च २००९ पर्यंत महसुली तूट नाहीशी करणे व राजकोषीय तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांवर आणणे, ही त्याची उद्दिष्टे ठरली. केंद्राचे नवे कर्जरोखे थेट खरेदी करण्यास रिझर्व्ह बँकेला, काही अपवाद वगळता, १ एप्रिल २००६ पासून मनाई झाली. कर्नाटकाने २००२ मध्येच, तर महाराष्ट्राने २००५ मध्ये असा कायदा केला.

२००७-०८ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट ३ टक्क्यांखाली आली. तथापि जागतिक मंदीमुळे पुढील वर्षी ती सुमारे ६ टक्क्यांवर गेली. २०१८ च्या दुरुस्तीने केंद्राच्या कर्जास देशांतर्गत उत्पादनाच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली व आपत्काली सवलतीची तरतूद केली. कोविड साथीमुळे २०२०-२१ मध्ये तूट ९ टक्क्यांहून अधिक झाली व ही मर्यादा दूर राहिली. मार्च २०३१ पर्यंत कर्ज सुमारे ५० टक्क्यांवर आणण्याचे धोरण केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केले.

उद्दिष्ट चुकल्यास अधिनियमात दंड नाही. अर्थमंत्र्यांनी संसदेपुढे कारणे मांडावयाची असतात. शिवाय काही खर्च अर्थसंकल्पाबाहेर ठेवता येतो. अन्न अनुदानासाठी भारतीय अन्न महामंडळास राष्ट्रीय अल्पबचत निधीतून दिलेली कर्जे बरीच वर्षे तुटीत धरली जात नव्हती. २०२१ च्या अर्थसंकल्पात ही पद्धत थांबविण्यात आली. मर्यादा अतिशय ताठर असल्यास मंदीत उपयुक्त भांडवली खर्चालाच प्रथम कात्री लागते, अतिशय शिथिल असल्यास ती नाममात्र उरते. त्यामुळे अशा कायद्याचे यश टक्केवारीपेक्षा हिशेबाची सत्यता आणि विधिमंडळाची जागरूकता यांवर अवलंबून असते.