सगळा जुडगा कशाला?
लिनक्सच्या संगणकावर 'रूट' हा सर्वाधिकारी. त्याचा परवलीचा शब्द घरभर सांगणे म्हणजे किल्ल्यांचा सगळा जुडगाच हवाली करणे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगेशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' रचला, त्याने ही अडचण टळते. येथे माणूस स्वतःचाच परवलीचा शब्द देतो, आणि 'सुडोअर्स' नामक यादीत त्याच्या नावापुढे लिहिलेल्या आज्ञाच तेवढ्या रूटच्या अधिकाराने चालतात. यादी मात्र 'व्हिसुडो'नेच उघडावी. लिहिण्यातली चूक ते वेळीच दाखवते. एरव्ही एका चुकीपायी सुडोच अडून बसू शकतो!

खरी मेख पुढेच आहे. चिरंजीवांना संगणक बंद करण्याची आज्ञा खुशाल द्यावी. 'व्हीआय' हा संपादक देऊ नये. दिसावयास तो नुसती लेखणी. परंतु त्याच्या आतूनच कोणतीही आज्ञा सोडता येते, आणि तीही रूटच्या अधिकाराने.