छोट्या लॅपटॉपवर लिनक्स (भाग ५) : एक कीबोर्ड, दोन लिप्या

मागच्या आठवड्यात पेनड्राइव्ह तयार करून आपण थांबलो होतो. आज तो लॅपटॉपला लावू. त्याआधी ज्या लॅपटॉपमुळे ही लेखमाला सुरू झाली, त्याची ओळख नव्या वाचकांसाठी पुन्हा करून देतो.

लॅपटॉप माझ्या भाचीचा. ती बिदर जिल्ह्यातल्या भालकीत कॉलेजला आहे. पडदा साडेअकरा इंचांचा, प्रोसेसर सेलेरॉन, रॅम ४ जीबी आणि साठवण ३२ जीबी. घेतला तेव्हा त्यावर विंडोज १० होतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण लागते. म्हणजे यंत्र धड आहे, पडद्यावर एक ओरखडाही नाही, तरी पुढची वाट बंद. अशी यंत्रं आज कितीतरी घरांत कपाटावर पडून आहेत. ती विकून हातात काही फारसं पडत नाही, म्हणून हा खटाटोप.

आपण लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडली आहे. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबीत ती नीट चालते. तुमच्याकडचं यंत्र याहून जुनं असेल, रॅम एकच जीबी असेल, तर मिंटचा हट्ट धरू नका, अँटीएक्स वापरा. पायऱ्या बहुतेक याच आहेत.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू झाला की मिंट थेट समोर येतं, काहीही न पुसता. याला लाइव्ह म्हणतात. इथे घाई करू नका. निदान अर्धा तास वापरून बघा. आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का. वायफाय दिसत नसेल तर घाबरू नका. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. मिंटला तो तारेचं नेटवर्क म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बाकीचं मग नेटवरून उतरवता येतं.

आता इन्स्टॉल. इथे भाची अडली आणि ज्या जागी अडली तिथे नवशिका हमखास अडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिस्क निवडायच्या पानावर तिने यादी पाहिली आणि म्हणाली, "मामा, यात पहिलं नाव एसडीए आहे. तीच आपली डिस्क ना?" तिने कुठेतरी वाचलं होतं की लिनक्समध्ये पहिल्या डिस्कला एसडीए म्हणतात. हार्डडिस्क असलेल्या लॅपटॉपवर ते बरोबर ठरतं. पण या छोट्या लॅपटॉपांत हार्डडिस्क नसते. मदरबोर्डवरच एक साठवणीची चिप झाळलेली असते, तिला ईएमएमसी म्हणतात. तिचं नाव एमएमसीबीएलके आणि पुढे शून्य, असं लांबलचक दिसतं. एसडीए म्हणून जी दिसते ती आपला पेनड्राइव्ह! नावावर जाऊ नका, आकार बघा. आणि आकारही फसवू शकतो. पेनड्राइव्हसुद्धा ३२ जीबीचा असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच दिसतात. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे, तिला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुष्कळ झाला. तोच वापरा, म्हणजे गोंधळच नाही.

चार्जर लावलेला हवा आणि बॅटरीही भरलेली हवी. मध्येच वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली, तर अर्धवट लिहिलेली साठवण हाती येते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. फोटो, प्रोजेक्टच्या फाइली, गुणपत्रिकांच्या प्रती आधी बाहेर काढून ठेवा. हे मी प्रत्येक भागात सांगतो आहे, पुढेही सांगत राहीन.

इन्स्टॉल झाल्यावर ब्राउझर उघडला की काहींची निराशा होते. "हलकं म्हणालात, मग दहा टॅब उघडले की का अडखळतं?" कारण वजन ब्राउझरचं आहे. लिनक्स स्वतःचा संसार थोडक्यात भागवतं, पण संकेतस्थळांचं वजन त्याच्या हाती नाही. ४ जीबीवर पाच-सहा टॅब, एवढ्यावर सुखी राहा. झेडरॅम नावाची एक सोय आहे, ती रॅममधला न लागणारा मजकूर घडी घालून रॅममध्येच ठेवते. ती सुरू कशी करायची ते पुढच्या भागात.

आता ज्यासाठी आजचा भाग लिहायला घेतला, ते.

भालकीतल्या घरात एकच भाषा क्वचितच नांदते. हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, पुढे तेच कर्नाटक झालं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि उर्दूही. रेल्वेने कमलनगरच्या पुढे उदगीरला उतरलं की पाट्या बदलतात, माणसं तीच. भाचीला मराठीत आईला पत्र लिहायचं असतं आणि कन्नडात कॉलेजचा अर्ज. आजवर ती दोन्ही मोबाइलवर लिहून फोटो काढून पाठवायची.

मिंटमध्ये सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग लेआउट असं जा. "यूज सिस्टम डीफॉल्ट्स" हे बटण आधी बंद करा, नाहीतर काही जोडताच येत नाही. मग इंग्रजीखाली मराठी आणि कन्नड जोडा. मराठीत इनस्क्रिप्ट निवडा. नुसतं कन्नड म्हणून जो लेआउट आहे तोही इनस्क्रिप्टच आहे. एका वेळी चार लेआउट ठेवता येतात. इंग्रजी, मराठी, कन्नड, उर्दू : बिदर जिल्ह्याला नेमके पुरतात.

इनस्क्रिप्ट १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने पुढे आणला आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या, पण वर्णमाला एकच. म्हणून क जिथे मराठीत, तिथेच कन्नडात. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. शिफ्ट दाबलं की ब चा भ होतो, क चा ख होतो.

करून बघा. मराठी लेआउटवर शिफ्ट धरून वाय, मग शिफ्ट सोडून ई, एन, के, आर : "भालकी" उमटलं. आता लेआउट कन्नड करा. गावाचं नाव कन्नडात ल ला क जोडून, शेवटी ऱ्हस्व इकार देऊन लिहितात. म्हणून शिफ्टसह वाय, मग ई, एन, हलन्तासाठी डी, के, एफ. बोटं जवळजवळ त्याच वाटेने गेली आणि पडद्यावर कन्नड अक्षरं आली. भाचीने हे तीनदा करून पाहिलं. तिला वेगळं कन्नड टायपिंग शिकावं लागलं नाही. नवीन दोनच गोष्टी : कन्नडात ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, ते झेडच्या कळीवर आणि एकच्या डावीकडच्या कळीवर सापडतात. मराठीला ळ शिफ्टसह एनवर आहे. "दुसऱ्या"मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्टसह जे, मग डी, मग य साठी प्रश्नचिन्हाची कळ, शिफ्टविना.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. कर्नाटकातल्या कचेऱ्यांत कन्नड गणक परिषदेची नुडी ही प्रणाली चालते आणि तिचा लेआउट इनस्क्रिप्ट नव्हे. ज्याला पुढे तिथे टायपिंगची परीक्षा द्यायची आहे, त्याने इनस्क्रिप्टवर बोटं बसवून नंतर मोडू नयेत. त्याच्यासाठी मिंटच्या यादीत कगप नावाचा, इंग्रजी उच्चाराशी जुळणारा लेआउट आहे. परिषदेच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे कगप. तो कन्नडालाही आहे आणि मराठीलाही. म्हणजे दोन्ही घराण्यांत दोन्ही लिप्या मिळतात. कोणतंही एक घराणं धरा, पण दोन्ही भाषांना तेच धरा. मराठी एका रीतीने आणि कन्नड दुसऱ्या रीतीने शिकलात, तर बोटं दोन्हीकडे चुकतील.

भाचीने इनस्क्रिप्ट धरलं. परवा तिने आजीचं रेशनकार्डाचं काम कन्नडात लिहून दिलं आणि त्याच बैठकीत उदगीरच्या मावशीला मराठीत पत्र टाइप केलं.

पुढच्या आठवड्यात झेडरॅम आणि प्रिंटर. तोवर रोज दहा मिनिटं बसा आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव दोन्ही लिप्यांत लिहा.